पठारावरचं बिऱ्हाड

४ ऑक्टोबर

पोचलो एकदाचा, आणि जीव कसा मोकळा झालाय. बस जिथं संपते तिथून अर्धा दिवस चढण, मग पठार, आणि पठाराच्या कडेला हा निवारा. तीन खोल्या, पत्र्याचं छप्पर, मधल्या खोलीत लोखंडी शेगडी, दाराशी खुंट्यांवर लटकणारे जुने रेनकोट. समोर नजर जाईल तिथवर गवत आणि त्यापलीकडे झाडी. एक गॅलरी नाही, गॅलरीत वाळत टाकलेली एक चादर नाही. डोळे धुऊन निघाले.

काम मला आवडेल असंच आहे. पठारावरून पलीकडच्या दरीत उतरणारी पायवाट बरीच वर्षं बंद आहे. ती हुडकायची, झुडपं छाटायची आणि दगडांवर पांढरे बाण रंगवायचे. म्हणजे पुढच्या हंगामात शहरातली मंडळी कोऱ्या करकरीत सॅक पाठीला लावून येतील, दर वळणावर फोटो काढतील आणि परत जाऊन सांगतील की निसर्गात मी मला सापडलो. जणू हे गृहस्थ इथं एखाद्या झुडपामागे विसरून राहिले होते.

ताई स्टँडवर पोचवायला आली होती. पायाला भिंगरी लावून किती दिवस फिरणार, माणसाला आपल्या चार भिंती हव्यात, हे तिचं नेहमीचं. मी म्हटलं, गुरांनाही गोठा असतो. गप्प बसली बिचारी. पडद्यांना शोभतील अशा उशांचे अभ्रे शोधण्यात जिची हयात गेली तिला आणखी काय सांगणार?

निवारा सांभाळणारं जोडपं सज्जन आहे, म्हणजे कंटाळवाणं आहे. त्याला सगळे दादा म्हणतात, तिला वहिनी. दादा बोलत नाही, वहिनी थांबत नाही. झोप छान लागेल.

५ ऑक्टोबर

वाट का बंद पडली ते वहिनीनं आज ऐकवलं. दादाचा धाकटा भाऊ इथला वाटाड्या होता. एक दिवस पठारावर गेला तो आलाच नाही. माणसं लावून शोध झाला, चप्पलसुद्धा मिळाली नाही. मी म्हटलं, चुकला असेल रस्ता. तर भांडी पुसता पुसता बाई म्हणते, ‘चुकले नाहीत हो. भाऊजींना घर सापडलं.’

तिचं म्हणणं असं : पठारावर एक बिऱ्हाड आहे. ते एका जागी राहत नाही. ज्याला स्वतःचं घर नाही, किंवा जो घरावर थुंकून निघालाय, त्याला ते आत घेतं. तिथं पाणी प्यायचं नाही, टेकायचं नाही. आणि डाव्या हाताचा अंगठा अर्धा तुटलेला माणूस दिसला तर गुपचूप परत यायचं, दादांना एक अक्षर सांगायचं नाही. सांगितलं तर ते आणायला जातील.

मी चेहरा सरळ ठेवला, त्याचंच मला कौतुक वाटतंय. जंगलात एकटं राहिलं की बायकांची डोकी अशी आंबतात, आणि पुरुष ते मुकाट ऐकून घेतात.

८ ऑक्टोबर

वाट सापडली. गवताखाली दगडी फरसबंदी अजून शाबूत आहे. ओढ्यापर्यंत बाण रंगवून झाले.

दुपारी ओढ्यापलीकडे घर दिसलं. भूतबंगला वगैरे काही नाही, अगदी कुठल्याही गल्लीत खपेल असलं. दोन खोल्या, पुढे ओटा, तीन पायऱ्या, दोरीवर धुणं. धुरांड्यातून धूर. इतक्या मोकळ्या रानात येऊन माणसानं बांधावं काय, तर ओटा! हसू आलं. कुणीतरी चोरून बस्तान मांडलंय, दुसरं काय? ‘फिरतं बिऱ्हाड’ म्हणे. त्याला पाया होता, वहिनी. मी पाहिला.

९ ऑक्टोबर

आज ते घर ओढ्याच्या अलीकडे होतं. काल माझाच अंदाज चुकला असणार, रानात अंतरं फसवतात.

ओट्यावरची बाई मला पाहून उठली. साधारण माझ्या आईच्या वयाची, पदराला हात पुसत. म्हणाली, ‘आलास? हातपाय धू.’

ना ओळख ना पाळख. मी जरा तोऱ्यातच सांगितलं की मी रस्त्याचा माणूस आहे, कुणाच्या ओट्यावर बसत नाही. ती रागावली नाही. ऐकलंच नसल्यासारखं तिनं तांब्या पुढे केला. ऊन मी म्हणत होतं. प्यालो. पाणी चांगलं गार होतं, त्यात भिण्यासारखं काय आहे? दोरीवर एक सदरा वाळत होता, बराचसा माझ्या मापाचा. माझ्या मापाचे सदरे जगात पुष्कळ असतील.

पाणी प्यालास का, असं वहिनीनं दारातच विचारलं. नाही म्हणून सांगितलं. उगाच रडारड नको.

११ ऑक्टोबर

एक गंमत लिहून ठेवतो. गुडघ्यावरचा व्रण लहानपणी सायकलवरून पडल्याचा आहे. ताई मागे बसली होती, तीही पडली होती. हे मला पक्कं ठाऊक आहे. पण आज व्रणाला हात लागला आणि आठवली ती त्या ओट्याची मधली पायरी. तिचा टवका उडालेला कोपरा. माझं रडणं, आणि त्या बाईनं लावलेली हळद.

थकवा. दुसरं काही नाही.

आज घरात एक माणूसही होता, उंबऱ्याशी बसून चप्पल शिवत होता. डाव्या हाताचा अंगठा अर्धाच. मी सरळ विचारलं की बाबा, तुझा भाऊ निवाऱ्यात झुरतोय, तू इथं काय करतोस? त्यानं गोड हसून सांगितलं की त्याला भाऊ नाही. होईल आता एक, असंही म्हणाला. बाई आतून म्हणाली, भांडू नका रे.

असल्या पळपुट्याची मला किळस आली. जंगलाचा वाटाड्या म्हणवतो आणि दुसऱ्याच्या आईच्या पदराखाली जाऊन बसतो.

१२ ऑक्टोबर

दादाला सांगून टाकलं. न्याहारीच्या वेळी, वहिनीच्या देखत. तुमचा भाऊ धडधाकट आहे, मजेत चपला शिवतोय, तुम्ही मात्र इथं भुताखेतांच्या गोष्टी सांगत बसा, असंच म्हणालो. मला त्यांचे चेहरे बघायचे होते.

दादानं कप खाली ठेवला. रेनकोट घेतला, काठी घेतली. वहिनीनं त्याचा हात धरला, तो त्यानं हळूच सोडवला. एवढंच म्हणाला, ‘माझा धाकटा आहे तो.’

मग वहिनी माझ्याकडे वळली. ओरडेल वाटलं होतं. ओरडली नाही. विचारलं, ‘तुम्ही पाणी प्यालात ना?’

संध्याकाळ झाली. दादा आलेला नाही.

१३ ऑक्टोबर

सकाळी शोधायला निघालो. लांब जावं लागलं नाही. घर आता पठाराच्या मध्यावर, निवाऱ्याच्या खिडकीतून दिसेल असं उभं आहे. वहिनीनं खिडकीला गोधडी लावलीय.

दादा ओट्यावर बसला होता. बाई त्याच्या केसांना तेल लावत होती. एवढा पन्नाशीचा बाप्या, डोळे मिटून बसलेला! मी हाका मारल्या, खांदा धरून हलवला. त्यानं डोळे उघडले, पण ओळख नाही. वहिनी वाट बघतेय म्हटलं, तर कुणाची वहिनी, असं त्यानं विचारलं. धाकटा म्हणाला, तिलाही आणू की.

या लोकांचा मला तिरस्कार वाटतो. तेल, पाट, उंबरा, आणि त्यात लोळायला एक माणूस तयारच. शी!

बाईनं मला सदरा दिला. धुतलेला. तो मी का घेतला —

घेतला. तो अंगात आहे. मापात आहे.

ताईच्या घराचं दार आठवत नाही. उजवीकडे उघडायचं का डावीकडे? ती कितव्या मजल्यावर राहते? जिना आठवू लागलो की तीन पायऱ्यांत संपतो. ताईचं तोंड अजून आहे. स्टँडवरचं, गप्प झालेलं. ते धरून ठेवतोय.

१४ ऑक्टोबर

वहिनीला म्हटलं, चला, खाली बसपर्यंत. ती दादांना सोडून येईना. मी शप्पथ घातली, चिडलो, शेवटी हात जोडले. आजवर मी कुणाला हात जोडले नव्हते. चुकलं माझं, असंही म्हणालो. तेव्हा ती उठली.

पठाराकडे पाठ करून उतरलो. सरळ उतार, चुकायला जागाच नाही. शेवटच्या वळणावर, जिथून बसचा रस्ता दिसतो, तिथं —

धूर. धुणं. ओटा. वाटेवरच.

दादा पायरीवर उभा. वहिनीला बघून त्यानं हात पुढे केला. तिचा पाय उचलला गेला. मी तिला ढकललं, जोरात, कडेच्या गवतात. पळ म्हटलं, मागे बघू नकोस. ती पळाली. गवतातून रस्त्याकडे, धडपडत, पण पळाली. मी पाहिलं.

मीही तिच्यामागे निघालोच होतो. पायानं मधली पायरी चुकवली. टवका उडालाय ना तिचा. तिथं मी नेहमी ठेचकाळतो.

आत आहे.

तारीख —

विचारली. बाई म्हणते, घरात कशाला हवी तारीख.

वही माझी आहे. ती काढून घेत नाहीत. काहीच काढून घेत नाहीत. तेच —

प्रेमळ आहेत हो. चुलीपाशी जागा देतात. पांघरूण घालतात. मी शिव्या घालतो. पांघरूण सारखं करतात. तुमची ही ऊब, हे सारवलेलं थडगं, थू — असं म्हणालो. बाई म्हणाली, दमलाय तो.

दार उघडंच असतं. बाहेर जातो. गवत, झाडी, दिवसभर चालतो. समोर ओटा. आलास? हातपाय धू.

दादा हसतो. धाकटा हसतो. कुणाला कुणाची आठवण येत नाही इथं. माझ्याकडेही एकच उरलंय. कुणीतरी स्टँडवर उभं होतं. बाई होती. माझं काहीतरी ऐकून गप्प झाली. काय बोललो होतो मी? कोण होती? वाईट बोललो असणार. तिच्या डोळ्यांत —

गेलं.

नंतर

कुणीतरी हाका मारतंय. बाहेर. दादांना.

वहिनी. ती गेली होती ना — मी पाहिलं होतं रस्त्याकडे — एकटीच परत आलीय. हातात दादांची निवाऱ्यातली दुसरी काठी. वेडी बाई. बसमध्ये बसायचं सोडून — कुणासाठी? या तेल लावून घेणाऱ्या —

नाही. वेडी नाही. माझ्यापेक्षा —

घरातले सगळे उठले. बाई पदराला हात पुसतेय. जास्तीचं ताट काढलं.

वहिनी, येऊ नका. तिथंच थांबा. पाणी घेऊ नका. हे लिहिता येतंय तर बोलताही येईल. दारात जातो. ओरडतो.

ओरडलो. सगळा जोर लावून.

तोंडातून निघालं, आलीस? हातपाय —

पुन्हा. पुन्हा तेच. ती माझ्याकडे बघतेय, ओळखीचं माणूस दिसल्यासारखी. तिला धीर आलाय. माझ्यामुळे तिला धीर — नको — वहिनी, तो मी नाही, मी इथं आहे, या कागदा— तिनं काठी भिंतीला टेकवली, पहिल्या पायरीवर —