उशिरा आणलेल्या शेळ्या

३ फेब्रुवारी

आणल्या एकदाच्या. दोन. एकटी शेळी ओरडून ओरडून घर डोक्यावर घेते, असं शेळीवाल्या आजींनी बजावलं होतं. करडी ती भुरी, सोबत तिचं पंधरा दिवसांचं करडू. दुसरी ठिपकी, गाभण. उंचीला जेमतेम माझ्या गुडघ्याच्या वर.

छकुली दोन वर्षं मागे लागली होती. मी म्हणायचे, शिवण आवरू दे, मग बघू. शाळेचे गणवेश कधी आवरतात का! गेल्या महिन्यात बहीण येऊन तिला घेऊन गेली. मुलगी तिचीच. नोकरीत बस्तान बसेपर्यंत सांभाळ म्हणाली होती, त्याला सहा वर्षं झाली. मी कोणत्या तोंडाने नाही म्हणणार?

५ फेब्रुवारी

परसात कपडे वाळायचे तिथे गोठा केला. फळ्या जमिनीपासून वीतभर वर — खाली ओल नको. वाऱ्याच्या बाजूला जुन्या कपाटाचं दार लावलं. त्यावर छकुलीच्या उंचीच्या रेघा आहेत, पेन्सिलीच्या. ती बाजू आत केली. मग काढून परत बाहेर केली.

६ फेब्रुवारी

अर्धा तास खटपट, वाटीभर दूध. त्यात भुरीने पाय घातला.

१० फेब्रुवारी

आजी येऊन शिकवून गेल्या. कोमट पाण्याने कास पुसायची. पहिल्या दोन धारा वेगळ्या वाटीत — गुठळी नाही ना बघायला. अंगठ्याने सड वरून बंद करायचा, मग बोटं एकेक करून मिटायची. "तू ओढतेस, पोरी," म्हणाल्या. "ती काय खिडकीचा पडदा आहे?"

करडाचं विचारलं. बरेच जण त्याला लगेच तोडतात, म्हणजे सगळं दूध आपलं. आजी तसं करत नाहीत. रात्रीपुरतं वेगळं ठेवायचं, सकाळी आपण धार काढायची, मग दिवसभर ते आईपाशी. दूध कमी मिळतं. मिळू दे कमी.

१८ फेब्रुवारी

माझंच चुकलं. लाडाने शिळा पाव घातला, भरपूर. दुपारी ठिपकीची डावी कूस ढोलासारखी टम्म. गुरांचे डॉक्टर आले, तेल पाजलं, चालवत ठेवा म्हणाले. आणि बाई, लाड पाल्याने करा — झाडपाला, वाळलं गवत, पाणी, चाटायला मीठ. बाकी काही नको.

दुपारभर गल्लीत येरझाऱ्या. शेजारीण विचारते, कुठे निघालात दोघी? चालता चालता ठिपकीला छकुलीचं सगळं सांगितलं. दुसऱ्या कोणाला सांगणार. पाचच्या सुमाराला ती रवंथ करायला लागली आणि मी भर रस्त्यात रडले.

२६ फेब्रुवारी

बहिणीला फोन केला. छकुली खेळायला गेली होती. मागच्या वेळी झोपली होती. त्याआधी आंघोळीला.

"तिला रुळू दे गं," बहीण म्हणाली. "तुझा आवाज ऐकला की दोन दिवस नीट जेवत नाही."

मला आनंद झाला. लाज वाटली. तरी झाला.

९ मार्च

आता रोज लिटरभर. फडक्यातून गाळायचं, भांडं लगेच गार पाण्यात ठेवायचं. कसलाही वास नाही. पण प्यायला कोण? अर्धं शेजारी देते. आज छकुलीचा पेला काढला, भरला, समोर ठेवून बसले. मग मीच प्यायले.

२२ मार्च

ठिपकी व्यायली. जुळं! मी नुसती बसून होते, माझी काही गरजच पडली नाही. तिने दोघांना चाटून कोरडं केलं, दोघं धडपडत उठली आणि आपापली कासेला लागली.

बहिणीला फोटो पाठवला. तासाभराने तिचाच फोन — छकुलीने फोटो बघितल्यापासून भंडावून सोडलंय, पुढच्या रविवारी घेऊन येते. दिवसभरासाठी.

२८ मार्च

दोन फ्रॉक शिवले. अंदाजानेच. वाढली असेल.

३० मार्च

आल्या. फाटकापासून छकुली पळत सुटली, परसाच्या दारात एकदम थांबली. वळून बहिणीकडे बघितलं. मग मला विचारलं, "मावशी, आत येऊ?"

सहा वर्षं ती मला आई म्हणत होती.

"ये की," म्हटलं. "आधी हात धू. मग उचल."