याडी कोणाला म्हणायचं

जवळा बाजार,
बुधवार

प्रिय धम्मदीप मेव्हणे यांस अमृतरावांचा सप्रेम जय भीम.

तुमचा गुडघा आता वाकत असेल आणि हरभऱ्याला घाटे लागले असतील असं धरून चालतो. आमच्याकडं सगळे ठीक आहेत. तुमची ताई जनका सध्या तुमच्याकडंच असल्यामुळं तिची खुशाली तुम्हीच कळवायची. फोन सोडून कागद लिहून राहिलो याचं नवल वाटेल. पण तुमचा फोन वाजला की तीच उचलते (काल माझा आवाज ऐकून "राँग नंबर" म्हणाली), आणि व्हॉट्सअॅपवर आलेलं तुमची शीतल सगळ्या घराला वाचून दाखवते. म्हणून तुमच्या गावच्या पुनमचंदच्या हाती हे पत्र देतो.

तुम्ही आमच्या पोराला, सुरजला, फोनवर म्हणालात, "माझ्या बहिणीला सून येडी म्हणते, रविवारी चार माणसं घेऊन येतो." त्याआधी झालं काय ते बराबर ऐका.

सूनबाई रूपा ही सिद्धेश्वरजवळच्या बंजारा तांड्यावरच्या भीमसिंगची लेक, सरकारी दवाखान्यात नर्स. हे लग्न जमवताना तांड्यानं नाही म्हणून मान हलवली, आपल्यातल्यांनी तोंड वाकडं केलं. एकटी जनका ठाम होती. "पोरगी गुणाची हाय, मी आणणार म्हणजे आणणार." आणि आणली. दुसऱ्याच सकाळी रूपानं कप पुढं केला. "याडी, च्या घ्या." जनका कप घेऊन तशीच मागच्या अंगणात आली, म्हणाली, "ऐकलं का? मला येडी म्हणती!" (आपल्याकडं निम्मं गाव येडीला याडीच म्हणतं, हे तुम्हाला ठाऊक आहे.) मी विचारलं, चहा कसा आहे? ते चुकलंच.

पण खरी तकलीफ झाली विहारात. वंदना संपली, बायका पायऱ्यांवर बसलेल्या, आणि रूपानं चपला घालता घालता खणखणीत हाक मारली, "याडी, चला की!" भिकाबाईनं हसू दाबायला पदराचा बोळा तोंडात धरला तो घरी पोचेपर्यंत काढला नाही. जनकाला मी समजावलं की हीच भिकाबाई मागं नांदेडहून रेल्वेनं येताना, एका हिंदी बाईनं "सीट खाली है" म्हटलं म्हणून पूर्णेपर्यंत खाली फतकल मारून बसली होती. हिंदीतलं खाली म्हणजे रिकामं, आपलं खाली म्हणजे बुडाशी. तोंडावळा एक, पण दोघांचा नातेसंबंध काही नाही. तसंच हे असेल. जनका म्हणाली, "म्हंजे मी भिकाबाईसारखी का?"

सुरजला विचारलं तर तो आधी पोट धरून हसला (हेही चुकलं), मग म्हणाला, "आई, तांड्यावर आईला याडी म्हणतात." जनकाला वाटलं, पोरगं बायकोची बाजू घेऊन राहिलं. तिनं हुकूमच सोडला की या घरात मला आई म्हणायचं. रूपा "बरं आई" म्हणाली. घरात शांतता झाली.

मग गेल्या आठवड्यात विहीणबाई, रुख्मिणीबाई, धरणाचे मासे घेऊन आल्या. रूपा ड्युटीवरून आली, दारातच पिशवी टाकली, "याडी!" म्हणून आईच्या गळ्यात पडली आणि लहान लेकरासारखी रडली. विहीणबाई ओढणीनं तिचं तोंड पुसत राहिल्या. जनका चुलीपुढून बघत होती. तव्यावरची भाकरी काळी झाली तरी तिला कळलं नाही. पाहुणी गेल्यावर रूपानं विचारलं, "आई, वाढू का?" जनका म्हणाली, "भूक न्हाई."

सकाळी मी विचारलं, काहून रुसली? म्हणाली, "तिच्या आईला याडी. मला नुसती आई. आई तर ती दवाखान्यात येणाऱ्या म्हाताऱ्यांनाबी म्हणती."

"मग सांग तिला."

"मीच बंद केलं अन् मीच सांगू?" एवढं बोलून तिनं पिशवी भरली आणि एसटी धरली. हे तुम्हाला सांगायची लाज, म्हणून तुमच्यापुढं तिनं जुनीच तक्रार मांडली. इकडं रूपा रोज विचारते, "मामा, माझं काय चुकलं?" काल तिला सगळं सांगितलं. आधी खूप हसली, मग चूल पेटवायच्या निमित्तानं आत गेली.

वहिनींना जय भीम, लेकरांना आशीर्वाद.

तुमचा,
अमृतराव

ता. क. : रविवारी तुम्ही निघू नका, रूपा आणि सुरजच तिकडं येतील. चार माणसांचा बेत मात्र मोडू नका. उलट आणखी बोलवा, आळीतल्या बायकासुद्धा. रूपा रस्त्यावरूनच याडी म्हणून हाक मारणार आहे. जनकाला ते आता चारचौघांत ऐकायचंय.

ता. क. दुसरा : भीमसिंगला रूपा बापू म्हणते. मी अजून मामाच आहे. मी काही रुसलेलो नाही. पण पुढच्या आठवड्यात तुमच्याकडं एका माणसाची झोपायची सोय होईल का, तेवढं कळवा.