पाहुण्यांच्या गोलात

३ ऑक्टोबर १९५१.
उद्यापासून बर्फावरच्या हॉकीचा सराव, गोलकीपर अर्थातच मी. वय अडतीस, पण नजर घारीची. यंदा माँट्रियलहून मोठ्या लीगचं बोलावणं येणार, हे नक्की. संकल्प: डुकराच्या मांसाची पाई, म्हणजे सारण भरून भाजलेली ती जाड पोळी, बंद, पोट आत. बायकोला, एल्मिराला म्हटलं, बॅगा भरून ठेव. ती म्हणाली, आधी सरपण फोडा.

२१ ऑक्टोबर.
पहिली मॅच. सात गोल खाल्ले. चार दिवे डोळ्यांवर आल्यामुळे, दोन आमच्या बचाववाल्यांमुळे. उरलेला माझा, पण बर्फच मऊ होता. घरी येऊन पाई खाल्ली. दुःखात चालते.

१८ नोव्हेंबर.
रबराची चकती थेट तोंडावर. दोन दात गेले. बदली गोलकीपर टीमकडे नसतोच, त्यामुळे टाके घालून होईपर्यंत अख्खं गाव माझ्यासाठी थंडीत ताटकळलं. असा मान कुणाला मिळतो? कोच मॅक्क्रिमन म्हणाला, निदान एक तरी अडवलीस. कौतुक करायची त्याची तऱ्हाच रांगडी.

९ जानेवारी १९५२.
विनिपेगहून कोवालचुक नावाचा नवा गोलकीपर आणलाय. मला 'राखीव' केलं. म्हणजे घरच्या मॅचला कोट घालून प्रेक्षकांत बसायचं. आमचा असो की पाहुण्यांचा, ज्याचा गोलकीपर जायबंदी होईल त्याच्या गोलात उभं राहायचं. दोन्ही टीमना भरवसा वाटावा असा माणूस गावात मीच. एल्मिरा म्हणाली, बाक तरी उबदार राहील.

१० फेब्रुवारी.
कोवालचुकच्या तब्येतीची रोज चौकशी करतो. ठणठणीत आहे मेला. लोक म्हणतात, काय मोठं मन.

१६ मार्च. दुपार.
आज शेवटची मॅच. जिंकलो तर प्लेऑफ, हरलो तर सीझन खलास. दोन पाई खाल्ल्या, बसूनच तर राहायचंय.

१७ मार्च.
पाहुणे दोन-एकने पुढे होते. तेवढ्यात त्यांच्या गोलकीपरचा गुडघा गेला. रेफरीने मला हाक मारली. त्यांची लाल जर्सी पोटावर अडकली, तरी शिरलो. ठरवलं, आज एकही आत जाऊ द्यायची नाही, मॅक्क्रिमनला रडवायचं. गावाचं नुकसान होणार म्हणून जीव तुटत होता, पण माझा इलाज नव्हता.

आम्ही नऊ-दोनने जिंकलो. आम्ही म्हणजे आमची टीम. मी पलीकडे होतो. दिव्यांबद्दल लिहिणार होतो, राहू दे.

मॅक्क्रिमनने सगळ्यांदेखत मला मिठी मारली. सबंध सीझनमध्ये पहिल्यांदाच.

"म्हाताऱ्या, आज तू नसतास तर आपण हरलो होतो रे."

रस्त्याने सगळे हात मिळवत होते.  एल्मिराने गरम पाई ताटात वाढली.

खाल्ली नाही. एक संकल्प तरी पाळला.