सही होईपर्यंत

३ मार्च २०२५
कामरेजला पोचले. रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या. काम साड्यांवर खडे चिकटवायचं; राहायचं कारखान्याच्या माळ्यावर, चौदा जणींनी. खाली भरतकामाची मशीनं चालतात, त्यानं जमीन थरथरते. देखरेखीला शोभाबाई आहेत, शिरपूरकडच्या. "तू कोठनी शेस, माय?" म्हणत त्यांनी कळण्याची भाकर वाढली. आपल्या बोलीत कुठली म्हणून विचारलं, फार बरं वाटलं. नाव मी सुवर्णा सांगितलंय.

६ मार्च
खरं नाव पल्लवी. मंदाताई, माझी थोरली बहीण, इथंच कामाला होती. दिवाळीनंतर घरी तिचं पत्र आलं: 'मी माझ्या मर्जीनं जात आहे, शोधू नये.' अक्षर तिचं, बोलणं तिचं नाही. पोलिसांनी पत्र वाचलं आणि आम्हाला घरी पाठवलं. म्हणून मी हेर होऊन आले. मंदाचं नाव काढलं की बायका खाली बघतात.

११ मार्च
मुकादम मगनला वही सापडली. त्याला मराठी वाचता येत नाही, कोणाकडून तरी वाचून घेतली. फोन काढून घेतला, मला माळ्यावरच्याच मागच्या खोलीत कोंडलं आणि हीच वही पुढं टाकली. कोणी पाठवलं ते लिही म्हणाला. खाली ते वाक्य आणि सही: मी माझ्या मर्जीनं जात आहे, शोधू नये. शब्दन् शब्द तोच.
लिहिलं नाही. पाणी बंद केलं.

१२ मार्च
पोत्यांमागे बायकांच्या चपला, तीन जोड. एका चपलेचा अंगठा तांब्याच्या तारेनं आवळलेला. मंदाताईच्या चपलेला ती तार घरी मीच आवळली होती.
दुपारी शोभाबाई दाराच्या फटीशी आल्या. सही होईपर्यंत तुला हात लावणार नाहीत, म्हणाल्या. दिपाली, चंचल, मंदा. तिघींनी सही केली, तिघींना मागच्या दारानं अनवाणी नेलं. मंदा जिवंत आहे का, विचारलं. त्या नुसत्या रडत राहिल्या.

१३ मार्च
मगन, हे कोणाकडून तरी वाचून घेशीलच. घे माझा कबुलीजबाब. मी हेर आहे. मला मंदानं पाठवलं.
ओठ फुटलेत. पेन धरवत नाही—

१४ मार्च, सकाळ
खडे ठेवायच्या डब्यानं खिडकीची काच फोडली. तिघींची नावं घेऊन ओरडले. घसा फाटेपर्यंत—
खाली एक मशीन थांबलं. मग दुसरं. मग सगळीच.
जिन्यात शोभाबाईंचा आवाज. पोरीला बाहेर काढ म्हणतायत, मोठ्यानं. मगन शिव्या देतोय. खूप पावलं—
कडी वाजतेय. कोणीही असो. सही मी करणार नाही—