मला रक्त, तिला गप्पा

मंगळवार, ४ फेब्रुवारी

ठरलं. सरांच्या चाचण्या ती घेणार. मी रक्त गोळा करणार!

सरांच्या जागी आलेल्या मॅडमनी सकाळच्या बैठकीत सांगितलं, अगदी चहा सांगावा इतक्या सहज. स्मरणशक्तीची चाचणी घेणारी व्यक्ती पेशंटच्या ओळखीची नको. ओळखीच्या माणसाकडून नकळत मदत होते, पेशंटही सावरून घेतो. मला माहीत नाही का हा नियम! सरांनीच केलाय तो, ही प्रयोगशाळा उभी केली तेव्हा. आणि मी त्यांची पहिली मदतनीस. मेंदूचे काप कसे घ्यायचे ते मला त्यांनी शिकवलं. केसाहून पातळ काप, कोमट पाण्यावर तरंगतो, मग तो काचेवर अलगद उचलून घ्यायचा. सुरुवातीला माझ्याकडून सगळे फाटायचे. सर म्हणायचे, अगं, श्वास सोड आधी.

मेंदू झिजवणाऱ्या आजारांवर या माणसाने उभं आयुष्य घातलं. आता तोच आजार त्यांना. निदान झालं त्याच आठवड्यात म्हणाले म्हणे, माझंही नाव अभ्यासात पेशंट म्हणून घाला. आता दर पंधरा दिवसांनी मंगळवारी येणार. आधी रक्त, मग चाचणी.

आणि समोर कोण बसणार? परीटघडी! तिला येऊन जुम्मा जुम्मा चार महिने झाले. कोट कायम कडक इस्त्रीचा, म्हणून हे नाव. मी ठेवलेलं. फक्त या वहीत आणि घरी वापरते.

सर आले बायकोचा, आमच्या काकूंचा हात धरून. मी दारातच होते. "सर!" म्हटलं. त्यांनी किंचित मान झुकवली आणि म्हणाले, "नमस्कार. तुम्ही इथेच असता का?"

तुम्ही!

काकू घाईघाईने म्हणाल्या, अहो, ही आपली... मीच डोळ्यांनी नको म्हटलं. आठवण करून द्यायची नाही. नियम. रक्त घेऊन झाल्यावर "आभारी आहे, बाई" म्हणाले. मग आत गेले, दार लागलं. थोड्या वेळाने आतून हसण्याचा आवाज आला. दोघांच्या.


बुधवार, ५ फेब्रुवारी

काम केलं. परीटघडीने मला न विचारता माझ्या नळ्यांवर लेबलं लावून ठेवली होती. सगळी सरळ! काढून पुन्हा लावावी असं वाटलं.


रविवार, ९ फेब्रुवारी

काकूंना फोन केला. सहज म्हणून. सहज कसला — नेमकं तेच ऐकायला केला. सर मंगळवारपासून खुशीत आहेत म्हणाल्या. "ती मुलगी गोड आहे गं, पुढच्या वेळी कधी जायचं विचारतात." मी म्हटलं, वा, छान झालं. छान! माझी जीभ झडली कशी नाही.

नवऱ्याला सांगितलं. तो लिफ्ट दुरुस्त करतो, त्यामुळे अडकलेल्या माणसांशी शांतपणे बोलायची त्याला सवय आहे. पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाला, तू त्या मुलीबद्दल इतकं बोलतेस, की उद्या ती दारात आली तर तिच्या चहात साखर किती ते न विचारता मी घालेन. हसला. मी नाही हसले. मग म्हणाला, आजारी आहेत ते, मुद्दाम नाही विसरलेत तुला. हे मला सांगतोय! ज्या आजाराचे डाग मी वीस वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली मोजते आहे!

मुद्दाम नाही, माहीत आहे. पण तिच्याशी हसतातच की.


मंगळवार, १८ फेब्रुवारी

आज मूर्खपणा केला. केसांची एक वेणी घातली, पूर्वी घालायचे तशी. या वयात!

रक्त घेताना मुद्दाम वेळ लावला. सर माझ्याकडे बघत होते. बराच वेळ. मला वाटलं, आता. आता म्हणतील. तर म्हणाले, "अहो बाई, जरा लवकर होईल का? आत आमची मुलगी वाट बघत असेल."

आमची मुलगी! हे माझे शब्द आहेत. म्हणजे मला म्हणायचे ते. पाहुणे आले की सर खांद्यावर हात ठेवून सांगायचे, ही आमची मुलगी, हिच्याशिवाय इथलं पान हलत नाही. मी लाजून काचा पुसत बसायचे. आणि आता ते शब्द उचलून त्या इस्त्रीच्या कोटाला!

दार लागायच्या आधी कान टवकारले. आत जाताच, "काय गं, जेवलीस का?" गं. जेवलीस. तिला 'तू', मला 'बाई'.

सुई टोचायला मी, जेवलीस का विचारायला ती. मला त्यांचं रक्त, तिला त्यांच्या गप्पा. नळ्या सेंट्रिफ्यूजमध्ये घातल्या आणि तो गरगरत असताना झाकणावर हात ठेवून उभी राहिले. थांबल्यावर रक्त वेगळं, वरचं पिवळं पाणी वेगळं. ते पाणी छोट्या बाटल्यांत भरून डीप फ्रीझरला लावलं. हे सगळं नीट केलं. कामात मी कधी कुचराई करत नाही, हे लिहून ठेवते.

वेणी बाथरूममध्ये जाऊन सोडली.


गुरुवार, २० फेब्रुवारी

परीटघडी विचारत होती, ताई, मला काप घ्यायला शिकवाल का? म्हटलं, बघून बघून येतं. आणि तिच्याकडे पाठ करून बसले, म्हणजे बघताही येऊ नये.

तिने काचेचा डबा उचलून माझ्या हाताशी ठेवला आणि गेली. चांगली वागते म्हणून जास्तच राग येतो. जरा उद्धट असती तर किती सोपं झालं असतं.


मंगळवार, ४ मार्च

दाराला कान लावला. हो, लावला! कॉरिडॉरमध्ये कुणी नव्हतं.

ती शब्द वाचून दाखवत होती, मग थांबून त्यांना परत म्हणायला सांगत होती. सर अडले. तर ही बया म्हणते, "घाई नाही सर, बसा निवांत." छापील सूचनेत हे वाक्य नाही! सूचना जशी आहे तशी वाचायची, एक अक्षर कमी नाही की जास्त नाही. एवढंसं वाक्य पण पुरेसं आहे. माणूस सैलावतो, एखादा शब्द जास्त आठवतो, आकडा बिघडतो.

मला इतका आनंद झाला की मलाच कसंतरी वाटलं.


बुधवार, ५ मार्च

मॅडमना सांगितलं. अभ्यासाच्या भल्यासाठी, असं म्हटलं. त्या म्हणाल्या, रेकॉर्डिंग बघते.


शुक्रवार, ७ मार्च

माझ्याच पायावर धोंडा.

मॅडमनी मला बोलावून दार लावलं. त्यांनी सगळी रेकॉर्डिंग बघितली. सर अडले तिथे तो भाग संपला, ते वाक्य मधल्या सुट्टीत होतं, चाचणी चालू असताना नव्हतं. दाराबाहेरून मला ते कसं कळणार! बाकी मुलीचं काम चोख आहे. मी म्हटलं, सर तिला अगं-तुगं करतात, फार सलगी आहे. मॅडम म्हणाल्या, म्हातारी माणसं लहान मुलींना अगं-तुगं करतातच. मग चष्मा काढला. त्यांनी चष्मा काढला की समजायचं, आता आपली धडगत नाही.

"तू यात फार ओढली गेली आहेस. सरांचं रक्तही आता दुसरं कुणी घेईल."

म्हणजे गप्पा नाहीत, आणि आता रक्तही नाही. मंगळवारी मी मागच्या खोलीत काप घेत बसायचं, ते गेल्याशिवाय बाहेर यायचं नाही.

परीटघडीला माझी तक्रार कळली असणार. तरी संध्याकाळी जाताना म्हणाली, येते हं ताई. अंगाचा तिळपापड झाला.


बुधवार, १२ मार्च

एक गंमत झाली. गंमत म्हणू की काय म्हणू!

पुढच्या मंगळवारी चेहऱ्यांची चाचणी आहे. पेशंटच्या घरून त्याच्या माणसांचे जुने फोटो मागवायचे, एका मापाचे करायचे, एकेक दाखवून विचारायचं, हे कोण? बरोबर ओळखलं तर एक गुण, नाही तर शून्य. नाव नाही आठवलं तरी चालतं, माणूस कळला पाहिजे. काकूंनी पाकीट पाठवलं. मॅडमनी ते माझ्याकडे टाकलं. बसल्या जागचं काम, कुणाशी गाठ नको पडायला!

सरांचे भाऊ. मुलगी, शाळेच्या गणवेशात. गाडी चालवणारा तो मिश्यांचा ड्रायव्हर. प्रयोगशाळेचा जुना वॉचमन. आणि मग मी.

पहिल्या वर्षीची मी! हातात काचेची पट्टी उजेडाकडे धरलेली, कोट दोन मापं मोठा, तोंड उघडं. तो माझा न फाटलेला पहिला काप. फोटो सरांनी काढला होता. त्यांच्या घरी तो अजून आहे, हे मला माहीतच नव्हतं. काकूंनी मला त्यांच्या माणसांत धरलं!

मॅडमना सांगायला हवं होतं की यात माझा फोटो आहे. नाही सांगितलं. सांगितलं तर काढून टाकतील. एका मापाचा कापला, नंबर टाकला, बाकीच्यांत ठेवला. या बाईला 'तुम्ही' म्हणतात ते ठीक आहे, हिला मी आरशात ओळखत नाही कधीकधी. पण फोटोतल्या त्या मुलीला ओळखतील. जुनं टिकतं या आजारात, नवं आधी जातं. हे पाठ आहे मला.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, आणि नाही ओळखलं तर? मी म्हटलं, तू गप्प बस.


मंगळवार, १८ मार्च

मागच्या खोलीत. आज दोन काप फाटले. माझ्याकडून!

सर गेल्यावर परीटघडी खोलीतून बाहेर आली, माझ्याकडे बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मॅडमनी हाक मारली. डोळे लाल होते तिचे. काय झालं असेल ते झालं असेल. मला काय!


बुधवार, १९ मार्च

गुण आले. कॉम्प्युटरवर चढवायचं काम माझंच.

भाऊ, एक. मुलगी, एक. वॉचमन, एक. ड्रायव्हर — एक! तो ड्रायव्हर, जो कधी वेळेवर आला नाही, ज्याच्यामुळे सर दोनदा समारंभाला उशिरा पोचले!

मी, शून्य.

पुन्हा नंबर ताडून बघितला. माझाच.

ड्रायव्हरचा हेवा वाटेल असं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. मिश्यांचा हेवा! लिहिताना हसू येतंय आणि रडूही येतंय. सर निवृत्त होईपर्यंत सोळा वर्षं रोज समोरासमोर बसलो आम्ही. माझ्या लग्नात त्यांनी पंगतीत वाढलं. त्यातलं काही म्हणजे काहीच राहिलं नाही. आणि जी काल आली, तिच्यासाठी मात्र नवी जागा झाली त्या मेंदूत. नवं टिकत नाही म्हणे! मग ती कशी टिकली?

शून्य चढवलं. सेव्ह केलं.


गुरुवार, २० मार्च

गेले नाही. डोकं दुखतंय असं कळवलं. नवऱ्याने जाताना पंखा बारीक केला, गोळी उशाशी ठेवली, आणि एकही विनोद केला नाही.


शुक्रवार, २१ मार्च

परीटघडी सिंकपाशी आली. म्हणाली, ताई, तुमच्या फोटोला मी शून्य दिलंय, पण मनाला पटत नाही. फोटो बघून सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ही तूच की गं! किती घाबरायचीस तेव्हा, श्वास धरून बसायचीस." मग दर वेळी विचारतात तसं विचारलं, "आई कशी आहे तुझी? उठून बसते का?" माझी आई ठणठणीत आहे हो ताई. मी नुसतं बरी आहे म्हणते. सांगा ना, शून्य की एक?

आजारी होती ती माझी आई. मी नोकरीला लागले ते सगळं वर्ष अंथरुणावर होती. सर रोज विचारायचे आणि तासभर आधी घरी पिटाळायचे. त्यातच गेली ती.

नळ चालू होता तो बंद केला. तिला म्हटलं, शून्यच. समोर कोण बसलंय ते चुकलं ना, मग शून्य. आणि मंगळवारी आईचं विचारलं की नुसतं बरी आहे म्हणू नकोस, त्यांना पटत नाही तेवढ्यावर. उठून बसते म्हण. आता घरातल्या घरात चालते म्हण.