धावजींचे सात पडाव

१९ जानेवारी १९६२

पाय सुजलेत. पांढरकवड्याहून निघालो तो वणीला जायला, आणि कुठल्या वाटेला लागलो देव जाणे. हरणं दिसली, त्यांच्यामागे गेलो – एवढंच कारण! आता एका बंजाऱ्यांच्या तांड्यावर आहे. सोनीबाई नावाच्या म्हाताऱ्या बाईने भाकर दिली, वर लसणाची चटणी. "कोठचा रे?" म्हटलं दिग्रसचा, कुणब्याचा. "मंग काहून फिरून राह्यला असा?" मी नुसतं नाव सांगितलं – गुणवंता – तर पदर तोंडाला लावून हसली. "नाव गुनवंता. अन् गुन?"

तिचा नवरा, धावजी, माझ्या चपलांचे झिजलेले टाचेचे भाग तेवढे बघत होता.

२२ जानेवारी

"उद्या निघतो" असं तीनदा म्हणून झालं. निघालो नाही.

धावजींचं शेत पाहिलं. शेत कसलं! आधी वाटलं रानच आहे. चार एकर बरड उतार, सरकारी वाटपात मिळालेला. ना सरी, ना बांध-धुरा. कमरेएवढं पिवळं गवत. मधेमधे माणसाहून उंच तुरी – चार वर्षांच्या आहेत म्हणे, खोडं मनगटासारखी. देवकपाशीची झाडं फुटून पांढरी झालेली. बोरी, सीताफळी, चारोळीच्या चाराची झाडं, तीन मोठे मोह. आणि गवतात सात गायी, काही शेळ्या.

मी म्हटलं, "बापू, हे नांगरलं नाही का कधी?"

म्हणाले, "जंगलाले कोन नांगरते? तरी दरसाल पिकतेच ना ते."

मी दोन ओंजळी बोरं खाल्ली. पोट दुखलं.

२४ जानेवारी

आज नीट समजलं. इथे लिहून ठेवतो, नाहीतर विसरेन.

धावजींचे आजे-पणजे बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. हजार हजार बैल! एवढी जनावरं एका जागी टिकली तर माती उघडी पडायची. म्हणून तांड्याच्या नायकाचा नियम – तिसऱ्या सकाळी गोण्या चढवायच्याच. गवत शिल्लक असलं तरी. पुढच्या हंगामात त्याच वाटेने यायचंय, हे ध्यानात ठेवून.

आता वाट उरली नाही. धावजींनी ती चार एकरांत आणली आहे. बोरीच्या काट्या लावून शेताचे सात भाग केलेत. त्यांना ते पडावच म्हणतात. पहिला पडाव, दुसरा पडाव. गायी एका पडावात तीन दिवस, मग पुढच्यात. शेण-मूत तिथंच पडतं, खुरांनी दबतं, आणि मग त्या जागेला कोणी हात लावत नाही. "गवताले पाठ दाखवा लागते. पाह्यत बसलं तं ते लाजते, उठत नाई." नऊ वर्षं झाली. पहिली तीन वर्षं बोचऱ्या कुसळ-गवताशिवाय काही नव्हतं, असं सोनीबाई म्हणते. आता मारवेल गवत आलंय. मारवेल आलं म्हणजे जमीन बरी झाली, असं यांचं माप.

मी घरून निघालो त्याला दोन वर्षं झाली. कुठेही तीन दिवसांवर टिकलो नाही. इथे सहावा दिवस.

४ फेब्रुवारी

निघणारच होतो. पण गायी पाचव्या पडावातून सहाव्यात न्यायच्या होत्या. राहिलो.

११ फेब्रुवारी

धावजींचा मुलगा आला होता – रूपसिंग. हैद्राबादच्या ट्रकवर क्लीनर आहे. ट्रक सडकेवर उभा करून तासाभरापुरता. अंगाला डिझेलचा वास, खिशात आईसाठी काचेच्या बांगड्या. मला विडी दिली. "तू नवा पोरगा वाटते बुढ्याचा!"

बाप-लेकात जुंपली. तो म्हणे, "बापू, लोक हासतात. जमीन भेटली तं माणसावानी नांगर, कापूस पेर. हे काय – ढोरं चारून राह्यले गवत राखून!"

धावजी म्हणाले, "तुया ट्रकची वाट कोनी बनवली? आमच्या बैलाच्या पायानं बनली ते."

"म्हनून काय मी बी बैलच राहू?"

सोनीबाई मधे पडली. रूपसिंग न जेवता गेला. बांगड्या मात्र ठेवून गेला. त्याच्या ट्रकमागे कमळं आणि दोन मोर रंगवलेत, फार सुरेख! मोराचा डोळा काढणाऱ्याचा हात खरा.

धावजी संध्याकाळपर्यंत सातव्या पडावात उभे होते. मी बोलावलं नाही.

८ मार्च

मोह पडायला लागला. पहाटे टोपली घेऊन जातो. हाताला गोड चिकट वास, जात नाही. मला इथे बरं वाटतंय, ही गोष्ट बरी वाटत नाही. असं बरं वाटलं की मी काहीतरी बिघडवतो.

३० मार्च

कोतवालाने कागद आणून दिला. तांड्यावर वाचणारा मी एकटाच. वाचलं. धावजींची जमीन तीन वर्षं पडीत दिसते आहे. वाटपाची जमीन वहितीत नसेल तर काढून दुसऱ्याला देण्यात येईल. काही म्हणणं असेल तर दहा एप्रिलपर्यंत लेखी द्यावं. नंतर महसुलाचे गिरदावर साहेब समक्ष येऊन पाहतील.

धावजींनी विचारलं, "पडीत मंजे?"

म्हटलं, "ज्यात काही पिकत नाही ती."

त्यांनी शेताकडे पाहिलं. मग माझ्याकडे. जणू मीच तसं लिहिलं होतं.

४ एप्रिल

अर्ज लिहिला. पाच दिवस ते नुसते विचारच करत होते. आज म्हणाले, "लिही." मी लिहीत गेलो. की या जमिनीत तूर आहे, देवकपाशी आहे, बोर, चार, सीताफळ, मोह आहे. की सात गायी यावरच जगतात आणि तांड्यावरच्या लेकरांना ताक मिळतं. की पूर्वी इथून पावसात माती वाहून नाल्यात जायची, आता नाल्याचं पाणी निवळ असतं, साहेबांनी येऊन प्यावं.

शेवटचं वाक्य काढू का विचारलं. "कायले? खरंच हाय ते."

अंगठा त्यांनी फार जोरात दाबला. कागद फाटेल की काय वाटलं.

६ एप्रिल

सगळा तांडा पोहरादेवीच्या जत्रेला निघाला, रामनवमीला. सात गाड्या. मागे उरलो मी आणि शेजारची रुपीबाई – तिला गुडघ्यांमुळे चालवत नाही, डोळ्यांनीही कमी दिसतं. धावजींनी दोनच कामं सांगितली. गायी तिसऱ्या दिवशी पुढे न्यायच्या. आणि अर्ज दहाच्या आत कचेरीत द्यायचा.

गाडीतून परत उतरून आले. "गुनवंता, कागद घडी नको पाडू जास्त."

७ एप्रिल

गायी रुपीबाईच्या भरवशावर. पांढरकवड्याला निघालो. अर्ज छातीशी, सदऱ्याच्या आत.

११ एप्रिल

लिहायची लाज वाटते. पण इथे नाही तर कुठे लिहू?

आठ तारखेला पोचलो तर कचेरी बंद, रविवार होता हेच माझ्या ध्यानात नव्हतं. म्हटलं उद्या देऊ. चहाच्या टपरीवर एक ट्रकवाला भेटला, राजूरला निघालेला. म्हणाला, जमिनीखाली माणसं उतरतात, काळी होऊन वर येतात, दात तेवढे पांढरे. पाहायचंय? मी म्हटलं, रात्रीतून परत येऊ ना? "येऊ ना बाप्पा!"

आलो नाही. त्याचा ट्रक बिघडला. मी कोळशाच्या खाणीच्या तोंडाशी दोन दिवस बसून पाळण्यातून वर येणारी माणसं पाहत होतो. खरंच सांगतो, अर्ज आठवत होता. दर तासाला हात लावून पाहत होतो – आहे. आहे म्हणजे जणू दिलाच! आज परत पोचलो तर अकरा तारीख.

१२ एप्रिल

कारकुनाने अर्ज हातातसुद्धा घेतला नाही. "तारीख गेली. परवा साहेब फिरतीवर त्याच बाजूला येणार. जमीन नांगरलेली दिसली तर वहित, नाही तर पडीत. सोपं आहे."

सोपं आहे!

धावजी वीसच्या आत येत नाहीत. बाकी कोणाला विचारू? रस्त्याने येताना बैलांसारखा घाम फुटला होता. जमीन गेली तर गायी कुठे जातील? ते दोघं कुठे जातील? आणि माझ्यामुळे!

१३ एप्रिल

केलं.

सडकेच्या कामावर ठेकेदाराचा ट्रॅक्टर आहे. ट्रॅक्टरवाला रूपसिंगचा दोस्त. मी त्याला म्हटलं, रूपसिंगने सांगितलंय, बापाचं शेत नांगरून दे. "रूप्याचं काम हाय? मंग तं तेलाचंबी नाव नको काढू!" गायी मी सडकेकडे हाकलल्या, दुपारनंतर तो आला. चार एकर, पाच तासांत. मोहाची झाडं टाळली. बाकी काही टाळलं नाही. देवकपाशी लवकर मोडते. तुरीची खोडं मोडताना मात्र आवाज होतो.

रुपीबाई काठी टेकत आली. "कायचा आवाज होय रे? रूप्यानं धाडला का?"

मी म्हटलं, "हो."

मारवेलाची मुळं पांढरी असतात हे मला माहीत नव्हतं. ढेकळांवर उलटी पडली आहेत, उन्हाकडे तोंड करून.

१४ एप्रिल

गिरदावर साहेब आले. सायकलवर, डोक्यावर ओला रुमाल. काळं शेत पाहिलं, वहीत लिहिलं – वहित. मी विचारून खात्री केली. जमीन राहिली.

पाणी मागितलं, दिलं. पिऊन झाल्यावर म्हणाले, "अरे, या तांड्यावर कोणीतरी गवताचं काही निराळं करतो म्हणतात. पाचशे लोकांनी सांगितलं मला. तेवढ्यासाठी मुद्दाम इकडून वाट धरली. ते कुठं?"

मी म्हटलं, "पुढच्या तांड्यावर असेल."

गेले. चढावर सायकल ढकलत गेले.

२० एप्रिल

गाड्या आल्या. धावजी प्रसादाचा नारळ हातात घेऊनच शेताकडे गेले. मी मागे. काट्या एका कोपऱ्यात गोळा करून ठेवल्या होत्या मी, त्या त्यांनी पाहिल्या. खाली बसले. एक मूळ उचललं, बोटांनी मोडून पाहिलं. कट्‌ वाजलं. नऊ वर्षं, आणि सात दिवसांचं ऊन.

"अर्ज देल्ला नाई का?"

मी तोंड उघडलं होतं. शपथेवर सांगतो, उघडलं होतं. तेवढ्यात रुपीबाई मागून म्हणाली, "रूप्यानं ट्रॅक्टर धाडलाता. या पोराचं काय चालते त्याच्यापुढं?"

धावजी म्हणाले, "हं."

मी तोंड मिटलं.

२१ एप्रिल

आज सांगीन म्हटलं. नाही सांगितलं.

६ मे

वावटळ उठली की शेतातून माती वर जाते. घरात भांड्यांवर बसते. सोनीबाई पुसते, पुन्हा बसते. दोन गायी धावजींच्या लेकीच्या गावी पाठवल्या, दोन तांड्यावरच्या लोकांकडे. उरलेल्या तीन मी सडकेच्या कडेला चारतो. धावजी विचारत नाहीत कोणत्या बाजूला नेल्या, किती दिवस.

रूपसिंगचं नाव घरात निघत नाही. सोनीबाईने त्या काचेच्या बांगड्या काढून ठेवल्या. मला म्हणाली, "पोटचं असं निंगालं. तू परका असून जीव लावून राह्यला." आणि माझ्या ताटात तूप वाढलं.

१९ मे

पहाटे पिशवी घेऊन निघालो होतो. सडकेपर्यंत गेलो. परतलो. धावजी जागे होते. म्हणाले, "तू हाय म्हनून बरं हाय." एवढंच. त्यांना मी काही बोलताना फार दिवसांत ऐकलं नव्हतं.

२८ मे

शेतात घाणेरीची रोपं उगवली. आणि कुसळ.

९ जून

रूपसिंग आला. ट्रॅक्टरवाल्याने त्याला सगळं सांगितलं असणार, माझ्याकडे त्याने एकदाच पाहिलं, फार वेळ. धावजी बाजेवरून उठले नाहीत. "काहून केलं?" त्यांनी लेकाला विचारलं. मी उभा राहिलो. शब्द निघायच्या आधी रूपसिंग बापापुढे उकिडवा बसला. "चुकलं बापू. म्याच धाडला होता ट्रॅक्टर." धावजींनी तोंड भिंतीकडे केलं.

मी सडकेपर्यंत त्याच्यामागे पळालो. कायले घेतलं अंगावर, कायले? त्याने ट्रकचं दार उघडलं. "मी तं पयलेच गेलेला हाय. तू बी गेला, तं बुढ्याजवळ कोन राह्यते?"