दोन ताटल्यांचं घर

देसे, मियाझिया महिना

माझ्या थोरल्या बहिणीस, मुलूताईस,

तुझ्या दोन्ही गुडघ्यांना ओठ टेकून नमस्कार (कागदावरूनच, कारण हल्ली कागदाशिवाय कोणाच्याही गुडघ्याजवळ जायला मी तयार नाही). कंबर कशी आहे? गाय व्याली का? खाली कोंबोल्चाला उकाडा सुरू झाला असेल. आम्ही इथे डोंगरावर ठणठणीत आहोत, आणि हे पत्रात लिहायची रीत म्हणून लिहीत नाही. या साथीत आमच्या अख्ख्या गल्लीत शिस्तीचं घर एकच आहे. कोणाचं, ते माझ्या तोंडून बरं दिसणार नाही, पण त्याचं फाटक निळं आहे आणि तो रंग मी स्वतः दिलेला आहे.

तुला आठवतच असेल, तरुणपणी मी खेचरावर बसून या वोलोच्या डोंगरांत देवी टोचत हिंडलो. एका गावाने माझ्या अंगावर कुत्री सोडली, पण शेवटी देवी गेली आणि मी राहिलो. त्या माणसाला आता रेडिओवरच्या पोरांनी हात धुवायला शिकवायचं! मी फाटकाशी पाण्याचा पिवळा डबा टांगून पायाने दोरी ओढायची सोय केली. (पहिल्या दिवशी डबा माझ्याच डोक्यावर पडला. पण साबणासकट पडला, म्हणजे डोकं स्वच्छच झालं.) येणाऱ्याने हात धुवायचे, आणि हात धुतल्यावर आत यायचं नाही, असा नियम केला. शेजारची झेनेबा हळीव आणि लिंबाचा उपाय सांगायला आली, तिलाही हात धुऊन घरी पाठवलं.

पण खरी करामत ताटाची. बाजारात, गिरणीत, रांगेत मीच जातो. बिर्केला फाटकाबाहेर पाऊल टाकू देत नाही. म्हणजे रोग घरात शिरलाच तर माझ्याच हाताने शिरणार. एक्केचाळीस वर्षं आम्ही नवराबायको एका ताटात, एकाच मोठ्या इंजेरा-भाकरीचे तुकडे मोडून जेवलो. ते मी एका दिवसात बंद केलं. तिची ताटली वेगळी, माझी वेगळी. ती चुलीपाशी, मी पडवीत. घास भरवणं बंद. मोह नको म्हणून आईचं मोठं ताटही ट्रकवाल्याबरोबर तुझ्याकडे धाडलं, ‘आता याची गरज नाही’ अशी चिठ्ठी लावून. बिर्के आपली ताटली उचलून चुलीपाशी गेली. मला वाटलं, पटलं. (तू आत्ता मनात काय म्हणालीस ते मला इथवर ऐकू आलं.)

पंधरा दिवसांनी, रविवारी, फाटकाशी पांढऱ्या शाली पांघरून, काठ्या टेकत दोन वडीलधारे उभे. आबा झेरिहुन आणि शेख सैद. समेट करायला आले होते! आपल्याकडे ताटल्या वेगळ्या झाल्या की पुढे छप्पर वेगळं होतं, हे तुला सांगायला नको. त्या झेनेबानेच कुंपणावरून दोन ताटल्या वाळताना पाहिल्या असणार. बसा म्हटलं, तर बसेनात. त्यांचा शब्द मानल्याशिवाय ते बसत नाहीत. आत घेईन तर माझा नियम मोडतो. शेवटी ते फाटकाबाहेर, मी झाडाखाली आणि बिर्के स्वयंपाकघराच्या दारात, असा समेट सुरू झाला. त्यात आबांचे कान ऐंशी वर्षांचे.

“काय रे मेंगेशा, बायकोशी भांडलास?”

“नाही आबा, रोगामुळे ताटल्या वेगळ्या केल्या!”

“काय?”

शेख सैद म्हणाले, “रोग सगळ्या गल्लीला आहे, बाबा. ताटली तुझ्याच घरात वेगळी. खरं काय ते बोल.”

माझं व्याख्यान तयार होतं. रोग कसा पसरतो, देवीच्या वेळी मी काय केलं, सगळं. पण सहज दाराकडे पाहिलं. बिर्के शाल तोंडावर दाबून खोकला गिळत होती. धाकटा मुलगा झाला त्या वर्षी तिची छाती अधू झाली होती, तेव्हापासूनचा हा खोकला. तिचे डोळे पाहिले आणि मला कळलं, ताई. तिला वाटत होतं की मला तिच्या खोकल्याची किळस येते म्हणून मी ताट मोडलं. पंधरा दिवस ती हे मनात धरून चुलीपाशी एकटी जेवत होती, आणि देवी टोचणाऱ्या या शहाण्याच्या लक्षात आलं नाही.

“मला तिच्या छातीची भीती वाटते!” मी म्हणालो.

“काय?” आबा म्हणाले.

“मी बाहेरून रोग आणला तर ती वाचायची नाही!”

“मोठ्याने बोल!”

“ती गेली तर मी कोणाबरोबर जेवू?”

हे मी इतक्या जोरात ओरडलो की समोरच्या घरांतली माणसं बाहेर आली. (आबांना पहिल्याच वेळी नीट ऐकू आलं होतं, असा मला आता दाट संशय आहे.) त्यांनी हुकूम सोडला, भरव तिला घास, आम्ही बघतो. मी डब्याची दोरी ओढून हात धुवायला लागलो. तर दारातून बिर्केच म्हणाली, “आज नको, आबा. साथ जाऊ दे. मग मी मागून घेईन. मोठा घास घेईन.” मग दोघे फाटकाबाहेरच एकेका दगडावर बसले आणि घरून मागवलेल्या आपापल्या कपात आमची कॉफी प्यायले.

तर घर अजून शिस्तीचंच आहे. ताटल्या दोनच. फक्त माझं स्टूल पडवीतून स्वयंपाकघराच्या दाराशी आलं आहे. चुलीपासून मोजून सहा पावलं.

कधीमधी आज्ञेत वागणारा तुझा भाऊ,
मेंगेशा

ता. क. झेनेबाने काही केलं नव्हतं. मी चार दिवस तिच्याशी उगाच बोललो नाही. शेख सैदना कुंपणावरून बिर्केनेच बोलावलं होतं. माझं काय चुकलं तेवढं त्याला विचारा, म्हणाली होती.

आणखी एक. ताट कोणाला दिलं तर नाहीस ना? ती चिठ्ठी फाडून टाक. आत्ता मात्र पाठवू नकोस. समोर दिसलं की माझा धीर सुटेल. भिंतीवर टांगून ठेव. साथ संपली की आम्ही दोघं न्यायला येतो, तेव्हा तुझ्या गुडघ्यांना खरोखरचा नमस्कार करीन. तिथेच ताट मांड. पहिला घास बिर्केचा. तुला दुसरा, रागावू नकोस.